दार परत आलं का?

आमच्या ऑफिसात कुणी कुणाचा स्टेपलर नेला आणि परत द्यायला विसरला, की खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज यायचा, "दार परत आलं का?" नवीन लागलेला माणूस आधी दाराकडे बघायचा. दार जागच्या जागी असायचं. मग आमच्यातलं कुणीतरी त्याला चहाच्या टपरीवर नेऊन सगळी हकिगत सांगायचं. ती सांगायची म्हणजे थेट रशियातल्या एका नदीपर्यंत जावं लागे, त्यामुळे नव्या माणसाचा पहिला दिवस बहुधा बिनकामाचाच जायचा.

न्हावा शेव्याचं बंदर तेव्हा नवंच होतं. बोटींच्या एका एजंटाच्या ऑफिसात मी कागदपत्रं बघायचे आणि खिडकीजवळच्या टेबलावरचे ते गृहस्थ बोर्डिंग क्लार्क होते. म्हणजे बोट धक्क्याला लागली की शिडीनं वर जायचं, कप्तानाच्या सह्या घ्यायच्या आणि खाली यायचं. साताऱ्याकडचा गडी, पन्नाशीचा, उंचीला बेताचा, आवाज मात्र दोन माणसांचा. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि त्या दोघांच्या मधे स्टीलचा एक चमचा. सगळं बंदर त्यांना मेजर म्हणायचं. लष्करात ते एक दिवसही नव्हते. तरुणपणी भरतीला गेले होते, पण छाती भरली नाही म्हणून परत पाठवले गेले. पण दुसऱ्या महायुद्धात लढलेली रशियाची एक पायदळाची डिव्हिजन होती, ती मात्र पूर्णपणे त्यांची होती. ते तिला 'आपली डिव्हिजन' म्हणायचे. तिचा नंबर मला आज आठवत नाही. हे वाक्य त्यांनी वाचलं असतं, तर माझं टेबल त्यांनी बाथरूमच्या शेजारी हलवलं असतं.

ही डिव्हिजन त्यांना दादरला मिळाली. तिथे एकदा रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, आणि किंमत इतकी कमी की घेतलं नाही तर आपणच मूर्ख ठरू. मेजर गेले होते शेतीचं काहीतरी बघायला. परतले ते या डिव्हिजनच्या इतिहासाचा इंग्रजी ठोकळा घेऊन, कारण त्याच्या मुखपृष्ठावर चार सैनिक डोक्यावर एक दार घेऊन नदीत उतरत होते. हे लोक दार घेऊन कुठं चाललेत, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं. इंग्रजी जेमतेम, म्हणून डिक्शनरी शेजारी ठेवून त्यांनी ते पुस्तक दोन वर्षांत वाचलं. लाल झेंड्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते दरवर्षी पालीच्या खंडोबाला जायचे आणि निवडणुकीत कुणाला मत दिलं ते विचारलं तर रागवायचे.

कामोठ्याहून बंदराला आमची कंपनीची बस जायची. कामोठ्यात तेव्हा माणसांपेक्षा डास जास्त होते आणि बसमध्ये माणसांपेक्षा मेजरांचा आवाज जास्त होता. रोज एक प्रकरण. डिव्हिजन सुरुवातीला कशी हरत हरत अर्धा देश मागं आली, मग व्होल्गेच्या काठावर पाय रोवून कशी उभी राहिली, आणि मग ज्या वाटेनं मागं आली तीच वाट पायी चालत उलट कशी गेली. रशियाचा माळ कसा, तर दहिवडीचा माळ घ्यायचा, तो संपूच द्यायचा नाही, आणि त्याच्यावर गुडघाभर बर्फ टाकायचं. नीपर नदी कशी, तर कऱ्हाडच्या संगमावर कृष्णा पुरात असते तशी, आणि पलीकडं कऱ्हाड नाही, जर्मन. ड्रायव्हरलासुद्धा आमच्याइतकंच वेड लागलं होतं. नदी पार व्हायच्या आत बंदराचं गेट येणार असं वाटलं, की तो गव्हाण फाट्यापासूनच गाडी हळू करायचा.

ऐकणं एकवेळ सोपं, पण मेजर डिव्हिजनप्रमाणे वागायलाही लावायचे. त्या सैनिकांकडे मोजे नसायचे. ते पायाला चौकोनी फडकं एका ठरावीक पद्धतीनं गुंडाळून मग बूट चढवायचे. पावसाळ्यात द्रोणागिरीच्या आमच्या कंटेनर यार्डात गमबूट घालून आमच्या लोकांच्या पायांना चिखल्या व्हायच्या. मेजरांनी आपलं एक जुनं धोतर फाडून सगळ्यांना फडकी वाटली आणि भर यार्डात खुर्चीवर पाय ठेवून गुंडाळायचं शिक्षण दिलं. लोक आधी हसले. आठवड्याभरात चिखल्या गेल्या, मग त्या वर्षी द्रोणागिरीच्या अर्ध्या यार्डानं मेजरांचं धोतर पायात घातलं. खिशातला चमचाही तिथूनच आलेला. त्यातल्या प्रत्येक सैनिकाचा स्वतःचा चमचा बुटात खोचलेला असे, का, तर जेवण कुठं आणि केव्हा मिळेल याचा भरवसा नाही. मेजर लग्नाला गेले तरी पंगतीत स्वतःचा चमचा काढायचे. बुटात ठेवत नव्हते, एवढंच आमचं नशीब.

खंडेनवमीला यार्डात क्रेनची, ट्रेलरची, फोर्कलिफ्टची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, लिंबू, नारळ. त्या ओळीत शेवटी पाटावर मेजरांचं ते पुस्तक असायचं, हळदकुंकू वाहिलेलं. साहेबांनी एकदा विचारलं की हे हत्यार कसं काय. मेजर म्हणाले की साहेब, क्रेन बंद पडली तर मला याच्यात बघावं लागतं.

आणि ते खरंच बघायचे. एका एप्रिलमध्ये द्राक्षांचे दोन थंड कंटेनर यार्डात उभे होते आणि सकाळी वीज गेली. यार्डाचा जनरेटर नेमका त्याच दिवशी बसला. मेकॅनिक दुपारनंतर येणार होता. साहेब फोनवर ओरडत होते, फोनमधून त्यांच्यावर आणखी कुणी ओरडत होतं. मेजर शांतपणे म्हणाले, पूल येईल म्हणून काठावर थांबायचं नसतं, मिळेल त्यावर पार व्हायचं. आणि टेम्पो घेऊन गेले. तासाभरानं आले ते एक जनरेटर घेऊन. त्याला आंब्याचे टहाळे बांधलेले होते आणि वर 'शुभविवाह' असा चमकीचा बोर्ड होता. आमचे क्रेनवाले म्हात्रे मुलाच्या लग्नासाठी रजेवर होते, त्यांच्या मांडवातून मेजरांनी तो उचलून आणला होता. सांगून, विचारून, पण उचलूनच.

म्हात्र्यांची अट एकच होती. "न्या मेजर, पन सांजचे हलदीचे आदी आनून द्या." संध्याकाळ झाली तरी मेकॅनिक आला नाही आणि वीजही आली नाही. आता द्राक्षं सोडावीत की म्हात्र्यांची हळद, असा प्रश्न पडला. मेजरांनी निरोप पाठवला की जनरेटर हलत नाही, हळदच इकडं आणा. अन् खरंच आली हो. दोन टेम्पो भरून माणसं, स्पीकर, हळदीची पातेली. थंड कंटेनरांच्या शेजारी पाट मांडून नवऱ्या मुलाला हळद लावली आणि द्रोणागिरीच्या त्या ओसाड यार्डात सगळं गाव नाचलं. आमचे साहेबही नाचले, टाय सोडून. दुसऱ्या दिवशी मेजरांनी जनरेटर धुऊनपुसून, टहाळे नवे बांधून स्वतः म्हात्र्यांच्या दारात पोहोचवला आणि सांगितलं, "दार परत आलं."

तर हे दार कुठलं, ते आता सांगते. सप्टेंबर संपत आलेला. डिव्हिजन नीपरच्या अलीकडच्या काठाला पोहोचली आणि होड्या मागेच राहिल्या. पहिल्या बटालियनमध्ये स्तेपान नावाचा एक हवालदार होता, मूळचा सुतार. त्यानं काठावरच्या खेड्यातली रिकामी पिंपं गोळा केली, कुंपणं मोडली, आणि तेवढ्यानं तराफे पुरेनात तेव्हा घराघरांची दारं काढून घेतली. एक म्हातारी दाराला धरून उभी राहिली. म्हणाली, थंडी तोंडावर आलीय, बिनदाराच्या घरात राहू कशी. स्तेपान म्हणाला, आजी, दार मी परत आणून देतो. म्हातारीनं सांगितलं, थंडीच्या आधी आण. मग त्या दारांच्या तराफ्यांवर बसून पहिली बटालियन पलीकडं गेली, तिकडच्या कड्याखाली खंदक खणून बसली, आणि मागून येणारे बाकीचे तराफे विमानांनी उडवले. बटालियन तिकडं अडकली. पुस्तकाचं शेवटचं वाक्य होतं की पलीकडच्या काठावरून गोळीबाराचा आवाज येत होता. खाली लिहिलेलं होतं, भाग पहिला समाप्त.

दुसरा भाग पुढच्या वर्षी येणार होता. पुढच्या वर्षी तो देशच संपला. मेजर फोर्टातल्या पुस्तकाच्या दुकानात जाऊन आले, तिथल्या माणसानं खांदे उडवले. ज्यांनी छापायचं तेच उरले नाहीत, आता विचारायचं कुणाला. युद्ध कोण जिंकलं ते शाळेतल्या पोराला माहीत होतं, त्याचं मेजरांना काही नव्हतं. त्यांना कळायला हवं होतं ते एवढंच की ती बटालियन वाचली का. आणि ते कळायची खूण त्यांनी स्वतःपुरती ठरवून टाकली होती. दार परत आलं असेल, तर स्तेपान वाचला. स्तेपान वाचला, तर बाकीचेही वाचले असतील.

सगळी आशा त्या शेवटच्या वाक्यावर होती. "आवाज येतोय म्हणजे माणसं आहेत," ते म्हणायचे. ऑफिसचा फोन खरखरला तरी हेच, आणि माझ्या घरात नवऱ्याचं नि माझं भांडण झालं की खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मेजरांकडून दुसऱ्या दिवशी हेच.

त्या मुलखातली बोट आली, की मेजर इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. सह्या झाल्या की कप्तानाला, त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला म्हणजे मेटला, इंजिनिअरला आपल्या डिव्हिजनचा नंबर सांगून विचारायचे. पाच-सहा वर्षं विचारत होते. कुणी हसलं, कुणी काळा पाव हातात ठेवला, कुणी खांद्यावर थोपटलं. एका तरुण मेटनं सांगितलं की लढाई हा आमच्या आजोबांचा विषय, मला इथं जीन्स स्वस्त कुठं मिळते ते सांगा. मेजरांनी त्याला पनवेलला नेऊन जीन्स घेऊन दिली, येताना बसमध्ये चौथं प्रकरण ऐकवलं.

मेजरांचं लग्न राहून गेलं होतं. कामोठ्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये ते आणि त्यांची चुलती असे दोघं राहायचे. काकींनीच त्यांना लहानाचं मोठं केलेलं. सत्तरीच्या, नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांच्या घराचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. मांजरं शिरायची, साबण विकणारे शिरायचे, आणि सोसायटीचे सेक्रेटरी महिन्यातून एकदा येऊन सेफ्टीवर भाषण द्यायचे. काकी त्यांना चहा पाजायच्या आणि ते गेले की दार होतं तसंच. मी एकदा मेजरांना विचारलं, तेव्हा ते बसच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले की काकींचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत काका पलटणीतून बोटीवर चढले, परदेशी लढाईला. मग 'बेपत्ता' एवढी एक तार आली. मेल्याची कधीच आली नाही. काकींनी कुंकू पुसलं नाही, काकांचं म्हाळाला पान कधी मांडलं नाही, आणि दिवसा दार लावलं नाही. एवढं सांगून ते लगेच डिव्हिजनवर आले. तेव्हा मला कळलं की हा माणूस एका नदीच्या काठावर इतकी वर्षं का उभा आहे. त्यानंतर मी त्यांची थट्टा थांबवली असं नाही, पण करताना माया वाटायला लागली.

त्या वर्षी पितृपंधरवड्यात काकींनी मला म्हाळाला बोलावलं. खीर, वडे, आमटी, भोपळ्याची भाजी. पितरांची पानं मांडून झाली आणि काकींनी आणखी एक पान काढलं. मेजरांनी विचारलं, हे कुणाचं. काकी म्हणाल्या, तुझ्या सोपानाचं. स्तेपानला त्या पहिल्यापासून सोपानच म्हणायच्या.

मेजर एकदम गंभीर झाले. त्यांचं अजून काही कळलेलं नाही, म्हणाले, पान मांडायचं नाही.

"आन मेली आस्तील तर? पन्नास वर्सं उपाशी ठेवायची व्हय रं?"

"आन जित्ती आस्तील तर?" मेजर म्हणाले. "तू मांडतियास का ज्याचं कळलं न्हाई त्याचं पान?"

बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. काकींनी पान उचलून पुन्हा गठ्ठ्यात ठेवलं, खिरीत वेलदोडा टाकला, ढवळली. मग आमच्याकडे पाठ करूनच विचारलं की आजवर विचारलंस कुणाकुणाला. मेजरांनी यादीच वाचली, कप्तान, मेट, इंजिनिअर, खलाशी. काकी वळल्या.

"बाप्यांस्नी काय इचारतुयास? दार न्हेलं त्ये बाईचं न्हेलं. परत आलं का न्हाई, त्ये बाईलाच ठावं आसनार."

मेजर वाढलेला वडा हातात धरून नुसते बसून राहिले. इतकी वर्षं त्या बोटी येत होत्या, बऱ्याच बोटींवर स्वयंपाकाला बायका असायच्या, आणि लढाईचा प्रश्न म्हणून हा गृहस्थ एकदाही स्वयंपाकघरात डोकावला नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर ओडेसाची माणसं असलेली एक बोट लागली. मेजरांनी सकाळीच माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं की बाईमाणसाशी बोलायचं आहे, बरोबर बाई हवी, तू चल. काकींनी डबाभर चकल्या दिल्या होत्या. मी तोवर बोटीच्या कागदांवर हजारदा शिक्के मारले होते, पण शिडी पहिल्यांदाच चढले, एका हातात डबा, एका हातात ओढणी, आणि खाली पाणी बघायचं नाही असं स्वतःला बजावत.

स्वयंपाकघरात एक थोराड बाई होती, डोक्याला रुमाल बांधलेली, साठीच्या जवळची. आम्हाला बघून तिनं आधी हात कमरेवर ठेवले. तिला वाटलं आम्ही सफाई तपासायला आलो. बरोबर आलेल्या सेकंड मेटला इंग्रजी येत होतं, त्यानं समजूत घातली, मी डबा उघडला. तिनं चकली मोडून खाल्ली, विचार केला, आणखी एक खाल्ली, आणि आम्हाला टेबलाशी बसवून बिटाची लालभडक आमटी वाढली. चमचे द्यायला ती वळली, तोवर मेजरांनी खिशातला चमचा काढून आमटीत बुडवलाही होता.

तिनं ते पाहिलं आणि मेटला काहीतरी विचारलं. मेट म्हणाला, ती विचारतेय स्वतःचा चमचा कशाला बाळगता. मेजरांनी सांगितलं की आमच्या डिव्हिजनची तशी पद्धत होती, फक्त ते बुटात ठेवायचे. कुठली डिव्हिजन, तिनं विचारलं. मेजरांनी नंबर सांगितला. रशियन भाषेतले तेवढेच शब्द त्यांना अगदी बिनचूक येत होते.

बाईनं हातातला डाव खाली ठेवला. तोच नंबर तिनं पुन्हा म्हटला, एकेक आकडा बोटावर धरून. मेट सांगायला लागला की तिच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर हा नंबर पितळेत कोरलेला आहे, लहानपणी दर शनिवारी तो घासून लख्ख करायची पाळी मुलांवर यायची, तिचं गाव नीपरच्या डाव्या काठावर आहे. म्हणजे अलीकडच्या. म्हणजे दारांच्या.

ज्या माणसानं पाच-सहा वर्षं एकच प्रश्न अख्ख्या बंदराला विचारला, त्याला नेमका आता तो विचारता येईना. ते माझ्याकडे बघायला लागले. मग मीच विचारलं, दार परत आलं का? मेटला वाटलं माझं इंग्रजी चुकलं. मी पुन्हा विचारलं. त्यानं कपाळाला आठ्या घालून तिला तसंच सांगितलं.

बाई भडकली. हात हवेत उडवत, टेबलावर आपटत, मधेच भट्टीच्या झाकणाकडे बोट दाखवत ती कितीतरी वेळ बोलली. मला वाटलं संपलं, दार काही आलं नाही, आपण उगाच हिच्या जखमेवरची खपली काढली. पण मेट हसत होता. "ती म्हणतेय, आलं," तो म्हणाला. "पण गाढवानं उलटं बसवलं."

लढाई संपल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात बैलगाडीसारख्या गाडीत फळ्या भरून तीन-चार माणसं गावात आली होती. त्यांनी एकेक घर घेत दारं बसवली. त्यांचा मुख्य एक हवालदार होता. घाई फार आणि घरोघरी पाहुणचारही फार, त्यामुळे शेवटच्या घरापर्यंत पोहोचेतो त्याला नीट उभं राहवत नव्हतं. ते शेवटचं घर हिच्या आजीचं. दार आत उघडायचं ते त्यानं बाहेर उघडणारं बसवलं. त्या गावात बर्फ दाराला टेकून साचतं. तेव्हापासून दर हिवाळ्यात घरची माणसं खिडकीतून उडी मारून बाहेर येतात, फावड्यानं बर्फ काढतात आणि मग दार उघडतं. आजी मरेपर्यंत त्याच्या नावानं शिव्या द्यायची. मग आई द्यायची. आता ही देते.

नाव काय त्याचं, मेजरांनी विचारलं. अगदी बारीक आवाजात.

"स्तेपान," बाई म्हणाली, आणि पुढे एक शिवी हासडली, ती मेटनं सांगितली नाही.

मेजर हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला त्यांनी तो आमटीचा चमचाच डोळ्याकडे नेला, मी तो हातातून काढून घेतला. बाईही हसायला लागली, का ते न कळता मेटही. थोडं शांत झाल्यावर तिनं बाकीचं सांगितलं. बटालियन कड्याखाली टिकून राहिली, मागून दुसऱ्या वाटेनं बाकीची डिव्हिजन पार झाली आणि त्यांना जाऊन मिळाली. निम्मी माणसं तिथंच कड्यावर आहेत, दगडावर त्यांची नावं आहेत. निम्मी पुढं गेली. वाचलेली म्हातारी माणसं दर मे महिन्यात गावात जेवायला यायची, छातीवर पदकं लावून. गायची, रडायची, आणि आजी स्तेपानला हाताला धरून दारापाशी नेऊन उभा करायची.

शिडी उतरून खाली आल्यावर मेजर ऑफिसला आलेच नाहीत, थेट पनवेलला गेले. दुपारी परतले ते पेढ्यांचे खोके घेऊन. गेटवरचा शिपाई, कस्टमचे लोक, क्रेनवर चढून म्हात्रे, कुणी सुटलं नाही. जो तो विचारी, पेढे कसले, तुमचं तर लग्नही नाही. मेजर म्हणायचे, दार परत आलं. ज्याला हकिगत माहीत होती तो त्यांना मिठीच मारायचा, आणि माहीत नसलेले त्या बंदरात फारसे उरलेच नव्हते. संध्याकाळी बसमध्ये ड्रायव्हरनं गेटपासून कामोठ्यापर्यंत हॉर्न वाजवत गाडी आणली.

मी त्यांच्याबरोबरच काकींकडे गेले. दार नेहमीसारखं उघडं. काकी खिडकीशी बसून पावटे सोलत होत्या. मेजरांनी त्यांच्या पाया पडून पेढा हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं, चमच्यापासून उलट्या दारापर्यंत. काकी पेढा तसाच हातात धरून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"समदी आली?"

"न्हाई काकी. निम्मी." घरात आल्यावर मेजरांची भाषाही घरची व्हायची.

काकींनी मान हलवली. पेढा मधोमध मोडला. एक अर्धा तोंडात टाकला. दुसरा अर्धा खिडकीच्या कठड्यावर, जाळीच्या बाहेर ठेवला आणि पुन्हा पावटे सोलायला घेतले. आम्ही तिघंही त्या अर्ध्या पेढ्याकडे बघत होतो, पण कुणी तसं दाखवत नव्हतं. खाडीकडून एक कावळा आला, कठड्यावर बसला, मान तिरकी करून त्यानं आत आमच्याकडे पाहिलं, आणि पेढा उचलून गेला. काकींनी पदरानं डोळे टिपले. मग मेजरांनीही टिपले, या वेळी रुमालानं. मी काही टिपले नाहीत, वाहू दिले.

तेवढ्यात दारात सेक्रेटरी उभे राहिले. हॉर्न कसला वाजत होता, पेढे कसले आहेत, आणि दार पुन्हा उघडंच का, असे तीन प्रश्न त्यांनी एकदम विचारले. काकींनी उठून त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

"लढाई सरल्यावर दोन हिवाळ्यांनी आला आन उलटं बसवून ग्येला," त्या म्हणाल्या. "पन आला न्हवं? येनारी मान्सं आस्त्यात, सायेब. दार ऱ्हाऊ द्या तसंच."

सेक्रेटरींना यातलं काही कळलं नाही. पेढा तोंडात टाकून ते निघाले, सवयीनं जाता जाता दार ओढून घ्यायला हात पुढे केला, मग काय वाटलं कोण जाणे, ते तसंच उघडं ठेवून जिना उतरून गेले.